रानडुकराच्या केसासाठी सात आठवडे

सात आठवडे माझा अर्ज एकाच रकान्यावर अडकला: प्राणी वन्य की पाळीव?

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या रानडुकरांचा वंश तपासायचं ठरवलं. आमच्या जांबोटीकडच्या शिवारात रताळ्याला नि भाताला डुकरं लागतात, हे लहानपणापासून बघतेय. आबा म्हणतात, ही पहिल्यासारखी अस्सल राहिली नाहीत, गावडुकरांत मिसळलीत. खरंच मिसळलीत का, एवढंच मला बघायचं होतं. दोघांची जात एकच, सुस स्क्रोफा. आपल्याकडच्या रानडुकराची गुणसूत्रं 38, गावडुकराचीही 38. त्यामुळे गुणसूत्रं मोजून मिसळ कळत नाही, केसातला किंवा विष्ठेतला डीएनए तपासावा लागतो.

मार्गदर्शक, प्रयोगशाळा, खर्च, सगळं पंधरा दिवसांत जमलं. अडलं परवानगीत.

रानडुकराला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. मेलेलं सापडलं तरी त्याच्यावर मालकी सरकारची. त्यामुळे परवानगी हवी, याबद्दल माझी तक्रार नाही. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. माझ्या अर्जात रानडुक्कर आणि गावडुक्कर दोन्ही होते, कारण तुलना केल्याशिवाय संकर कळणार कसा? टेबलावरचे साहेब म्हणाले, दोन्हींवर खूण चालत नाही. ‘वन्य’वर खूण केली, तर गावडुकरांची नावं का, म्हणून कागद परत. गावडुकरं काढली, तर कॉलेजच्या पत्राशी जुळत नाही, म्हणून परत. नवं पत्र आणलं, तर सोबतचा गोषवारा कन्नडमध्ये हवा. तो शेजारच्या दुकानातल्या अण्णांनी बसून लिहून दिला. त्यांचे उपकार विसरणार नाही. तरी दर सोमवारी तेच, ‘नाळे बन्नी’. जांबोटीहून सकाळची बस धरून, दुपारी जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बाकावर बसून मी ‘उद्या या’ ऐकत होते. एकदा बसमध्ये रडू आलं.

शेवटी तिथल्या शिपाईमामांनीच वाट दाखवली. “ताई, दोन प्रकल्प करा. गावडुकरांचा आमच्याशी काय संबंध? त्याला मालकाची सही घ्या.” मग वन्य प्राण्याचा अर्ज वेगळा केला आणि गावडुकरांसाठी मालकांची संमतिपत्रं घेतली. नऊ दिवसांत मान्यता आली. हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर!

कारण तोवर पाऊस लागला होता आणि विष्ठेचे नमुने वाहून गेले. म्हणून अर्ज दिवाळी होताच टाका.

केस मात्र मिळाले. आमच्या रताळ्याच्या बांधावर काटेरी तारेत राठ, काळे, टोकाला फाटलेले केस अडकले होते. बुडाशी पांढरट गाठ आहे का ते भिंगातून बघा. ती नसेल तर केसातून बहुधा फक्त मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा, डीएनए निघतो. चिमट्यानं उचलून कागदी पाकिटात घाला आणि पाकीट ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवा. नुसत्या प्लॅस्टिकमध्ये बुरशी येते.

पण मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडूनच येतो. गावातला नर रानातल्या मादीकडे गेला असेल, तर त्यात त्याचा माग लागणार नाही. म्हणून आईबाप दोघांकडून येणाऱ्या, पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएची चाचणीही अर्जातच लिहून घ्या. मी ते लिहिलं नव्हतं, त्यामुळे पुन्हा एकदा त्याच टेबलापुढे उभी राहिले.

गाठ असलेले बारा केस सध्या माझ्याकडे आहेत. आबा रोज विचारतात, “काय निघालं?”