एकवीस दिवस कुपीत पडलेलं माझं इमल्शन

थेंबांचा साइज २१४० नॅनोमीटर, पीडीआय (थेंब किती लहानमोठे आहेत याचा आकडा, जितका कमी तितका बरा) १. हा रिपोर्ट मला नाशिकच्या सिटीलिंक बसमध्ये, सातपूरच्या अलीकडे मोबाइलवर आला आणि मी एक स्टॉप पुढे जाऊन उतरले. शंभर नॅनोमीटरच्या आत येणार, असं सरांना छातीठोक सांगून बसले होते.

माझा एम. फार्म.चा विषय फेनोफायब्रेट. वाढलेल्या ट्रायग्लिसराइडवरचं औषध. पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, पण एकदा विरघळलं की आतड्याच्या भिंतीतून सहज पार होतं. विरघळणं आणि शोषण यांवरून औषधांची जी वर्गवारी करतात, तिच्यातला बीसीएस वर्ग २ तो हा. आमच्या पप्पांना डॉक्टर ही गोळी जेवणाबरोबरच घ्या म्हणून बजावतात, ते यामुळेच. जेवणातल्या तेलतुपाने पित्त सुटतं आणि औषध त्यात विरघळतं. मग ते तेल आपणच औषधासोबत का देऊ नये? कॅप्रिऑल तेल, ट्वीन ८० (तेल आणि पाणी एकत्र धरणारा पदार्थ) आणि ट्रान्सक्युटॉल (औषध विरघळवणारा द्रव) यांच्या मिश्रणात औषध विरघळवायचं. त्यात पाण्याचा थेंब नाही. पोटात पडलं की जराशा हालचालीने त्याचं आपोआप बारीक इमल्शन होतं, म्हणजे पाण्यात तेलाचे अगदी बारीक थेंब. याला स्मेड्स (आपोआप इमल्शन होणारं मिश्रण) म्हणतात. सायक्लोस्पोरिन या औषधाचं १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं निओरल याच जातीचं, हे व्हायव्हात हमखास विचारतात.

तेल निवडणं, टर्नरी डायग्राम (कशाचं प्रमाण किती, याचा त्रिकोणी नकाशा) वगैरे दीड महिन्यात उरकलं.

घोडं अडलं ते पार्टिकल साइजवर, म्हणजे थेंबांचा आकार मोजण्यावर. आमच्याकडे मशीन नाही, म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका तपासणी केंद्रात नमुना द्यायचा होता. पहिल्या खेपेला फॉर्म परत आला, कारण एचओडींचा शिक्का पुसट. दुसऱ्या खेपेला द्वारका चौकाच्या कोंडीत पाऊण तास गेला आणि मी पोचले तेव्हा खिडकी जेवणासाठी बंद. तिसऱ्या खेपेला खिडकीतल्या साहेबांनी माझी कुपी उजेडात धरली आणि म्हणाले, “हे असं घट्ट चालणार नाही. डायल्यूट करूनच आणा. आम्ही इथे काही बनवून देत नाही.” चौथ्या खेपेला निघण्याआधी लॅबमध्ये शंभर पट पाणी घालून नमुना तयार केला. इतका सुरेख झाला होता! निळसर झाक, आणि बीकरच्या मागे पेपर धरला तर मथळा स्वच्छ वाचता येत होता. तो दिला, टोकन घेतलं. मग रोज फोन. “पुढच्या आठवड्यात बघू.” असे एकवीस दिवस.

आणि मग तो रिपोर्ट. मला वाटलं, फॉर्म्युलाच चुकला. पुढचे दहा दिवस ट्वीनचं प्रमाण वाढवत बसले, तोंडाची चव गेली.

उलगडा केला आमच्या लॅबच्या मामांनी. चौथ्या खेपेच्या दिवशी बनवलेल्या नमुन्यातला उरलेला बीकर मी खिडकीत ठेवून विसरले होते. मामा भांडी धुताना म्हणाले, “ताई, याच्या तळाला साखर बसलीय. टाकू का?” मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर सगळे लांबट स्फटिक. ट्रान्सक्युटॉल पाण्यात पूर्ण मिसळतं. पाणी घातलं की ते औषधाचा हात सोडून पाण्याकडे जातं. त्याच्या जिवावर विरघळलेलं औषध काही तास तग धरतं, मग खाली बसतं. पोटात तेवढे तास पुरतात, कारण तिकडे शोषण चालूच असतं. कुपीत एकवीस दिवस कसे पुरतील? मशीनने थेंब नाही, माझे स्फटिक मोजले होते.

पुन्हा फॉर्म, पुन्हा शिक्का, पुन्हा पैसे. या वेळी पाणी न घातलेलं मिश्रण दिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लाल पेनाने लिहिलं: मोजण्याच्या वेळीच शंभर पट पाणी घालावे, लगेच मोजावे. खिडकीत पुन्हा “चालणार नाही.” सरांनी आत फोन केला, तेव्हा मशीनवरचे दादा बाहेर आले आणि म्हणाले, “हे आधी सांगायचं ना, पाच मिनिटांचं काम आहे.” माझ्यासमोर मोजलं. ४८ नॅनोमीटर, पीडीआय ०.१९. स्क्रीनचा फोटो काढताना हात थरथरत होता.

तेव्हा पाणी घातलेला नमुना कधीच सोडून येऊ नका, शक्यतो स्वतः मशीनपाशी उभं राहा. त्याच बॅचचा एक बीकर आपल्याकडे ठेवून दोन, चार आणि चोवीस तासांनी बघा. नुसत्या पाण्यात नको, ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्येही, कारण औषध आधी जठरात पडणार. हो, आणि ट्वीनऐवजी क्रेमोफोर ईएल वापरत असाल तर नाशिकच्या थंडीत सकाळी ते गढूळ दिसेल. घाबरून फेकू नका, बाटली कोमट पाण्यात धरा, निवळतं. मी पहिली बाटली बदलून मागितली होती. जिलेटिनच्या कॅप्सूल आधीच भरून ठेवू नका, माझ्या आठवड्यात मऊ पडल्या.

दुसऱ्या वेळचे पैसे परत मिळावेत म्हणून त्या केंद्राकडे अर्ज केला होता. परवा परत आला. शिक्का पुसट आहे म्हणे.