डी१२ की एल१? दादाच्या प्रमाणपत्राची अडकलेली फाइल

ज्यांच्या घरात मणक्याच्या इजेचा पेशंट आहे आणि दिव्यांग प्रमाणपत्र काढायचं राहिलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमचं काम झालं, कार्डही हातात आलं, पण तपासणीच्या दवाखान्यातल्या त्या खिडकीबद्दलचा राग अजून गेलेला नाही.

माझा दादा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला होता. पावसाळ्याच्या तोंडावर शेडचे पत्रे बदलताना सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटला आणि तो खाली लूमशेजारी पाठीवर पडला. सोबतच्या पोरांनी त्याला हातपाय धरून उचललं नाही. फळी आणली, मान-पाठ सरळ ठेवून फळीवर घेतलं आणि १०८ ला फोन केला. असंच करायचं असतं. मोडलेला मणका उचलताना वाकला तर आतला मज्जारज्जू आणखी चेपतो. पुढे ऑपरेशन, रॉड-स्क्रू सगळं वेळेत झालं, डॉक्टर चांगले भेटले.

पाय मात्र हलले नाहीत. सर्जननी वहिनीला आणि मला बसवून सांगितलं की मज्जारज्जू करंगळीइतका जाड असतो, पुरुषात त्याची लांबी साधारण ४५ सेंटिमीटर. हलायचा हुकूम त्यातूनच खाली जातो आणि स्पर्श, वेदना, ऊन-गार त्यातूनच वर येतं. लघवी-संडासचा ताबाही तिथूनच. दादाने निम्मं आयुष्य मागावर तुटलेले धागे गाठ मारून जोडले. मज्जारज्जूतले तंतू तसे जोडता येत नाहीत, ते आपले आपण पुन्हा वाढून पोचतही नाहीत. ऑपरेशनने हाड स्थिर होतं आणि दाब निघतो, एवढंच.

सुजेचे आणि धक्क्याचे महिने गेल्यावर आम्ही सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज भरला. फॉर्म सोपा आहे, अर्ध्या तासात होतो. तपासणीसाठी जिल्ह्यातलाच एक दवाखाना मिळाला आणि तिथल्या खिडकीवर गाडी रुतली.

खिडकीवरच्या माणसाने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एमआरआयच्या रिपोर्टवर 'डी१२ फ्रॅक्चर', म्हणजे पाठीचा बारावा मणका मोडलेला, आणि फिजिओच्या तपासणीवर 'न्यूरोलॉजिकल लेव्हल एल१', म्हणजे मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या नसेच्या भागापर्यंत शाबूत. म्हणाला, "दोन कागदांवर दोन वेगळं हाय. आधी जुळवून आणा, मग टोकन." मी म्हटलं, साहेब, डॉक्टरांना दाखवू द्या. "फाइल बरोबर असल्याशिवाय आत जात नाही, ओ ताई." एमआरआय सेंटरला गेलो तर ते म्हणाले, आमचा रिपोर्ट बरोबर आहे. फिजिओ म्हणाले, माझी तपासणी बरोबर आहे. परत खिडकीवर गेलो तर तेच उत्तर. प्रत्येक वेळी जुळे सोलापूरहून रिक्षा ठरवायची, दादाला दोघांनी उचलून बसवायचं, व्हीलचेअर घडी करून मागे बांधायची.

आणि दोन्ही कागद खरोखरच बरोबर होते! मोठ्या माणसात मज्जारज्जू पाठीच्या कण्याइतका लांब नसतो. तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच, म्हणजे एल१-एल२ला संपतो. त्याच्या खाली असतो तो फक्त नसांचा झुबका. मज्जारज्जूतून नसांच्या ३१ जोड्या निघतात. मानेच्या ८, पाठीच्या १२, कमरेच्या ५, त्याखाली त्रिकास्थीच्या ५ आणि माकडहाडाची १. रज्जू आखूड असल्यामुळे खालच्या नसांचे भाग वरच्याच मणक्यांत दाटीने बसलेले असतात. पाठीच्या शेवटच्या मणक्यामागे, म्हणजे डी१२मागे, कमरेच्या आणि त्रिकास्थीच्या नसांचे भाग येतात. म्हणून हाड डी१२चं मोडलं तरी शाबूत राहिलेला शेवटचा भाग एल१ असू शकतो. दादाला जांघेच्या घडीपर्यंत स्पर्श कळतो. मांडी पोटाकडे उचलायला लागणारी ताकद एल२ची, ती गेलेली. हाडाचा नंबर वेगळा आणि रज्जूचा वेगळा, हे त्या इमारतीतल्या कुठल्याही डॉक्टरला विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. पण फाइल डॉक्टरपर्यंत जाऊच दिली नाही.

त्या वाट पाहण्याचा खरा त्रास दादाच्या अंगाला झाला. त्याला बुडाखाली काहीच कळत नाही. आपण बाकावर नकळत इकडून तिकडे सरकतो, तसा तो सरकत नाही. एकाच जागी दाब राहिला की कातडीचं रक्त थांबतं आणि बेडसोर होतो. घरी दर दोन तासांनी कूस बदलतो, खुर्चीत दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर अंग उचलून धरायला लावतो. तिथे पंखा नसलेल्या बोळात, मे महिन्याच्या सोलापुरी उन्हात, टोकनची वाट बघत सकाळ सरायची. एका दिवशी घरी येऊन पाहिलं तर माकडहाडाजवळ रुपयाएवढा लाल डाग, दाबला तरी पांढरा होईना. पुढचे काही आठवडे दादा फक्त पालथा आणि कुशीवर. वहिनी रोज आरसा धरून त्याला दाखवायची. त्या डागाचा हिशेब मी खिडकीवरच्या त्या एका वाक्यालाच लावते.

तिथेच मोहोळकडचा एक मुलगा भेटला. विहिरीत सूर मारताना मान मोडलेली. बसल्या बसल्या त्याचं डोकं ठणकायला लागलं, तोंड लालभडक, कपाळावर घाम. आमच्या फिजिओंनी सांगून ठेवलेलं की इजा डी६ किंवा त्याच्या वर असेल तर खाली काही अडलं की रक्तदाब भलताच चढतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. युरिन बॅगची नळी व्हीलचेअरच्या पायटाखाली चेपली होती. ती सोडवली, त्याला ताठ बसवून ठेवलं, कपडे सैल केले. बॅग भरायला लागली तसा तो शांत झाला. तोवर त्याच्या वडिलांनी डॉक्टरांना बोलावून आणलं होतं. मानेच्या पेशंटच्या घरच्यांनी हे पाठ करून ठेवा.

शेवटी सर्जननी लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या: हाडाची इजा डी१२, मज्जारज्जूची पातळी एल१, ग्रेड ए, दोन्ही नोंदी सुसंगत. त्याच दिवशी टोकन मिळालं. प्रमाणपत्र देणाऱ्या बोर्डाच्या डॉक्टरीणबाईंनी टाचणी आणि कापूस घेऊन पायभर तपासलं, ताकद पाहिली, गुदद्वाराजवळची जाणीवही तपासली. ते ऐकून लाजू नका. ए म्हणजे पूर्ण इजा की बी म्हणजे अपूर्ण, हे त्या शेवटच्या नसांवरच ठरतं, पेशंटला आधी सांगून ठेवा. बाईंना मी दोन नंबरांचं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "यात वेगळं काय आहे? असंच असतं." मला तिथेच रडू आलं.

लघवीचं दुखणं सांगायला विसरू नका, ते पायांवरून दिसत नाही. दादाला दर चार ते सहा तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते, ते आम्ही आधीच लेखी घेतलं होतं. जाताना नळ्या, जेल, सॅनिटायझर पिशवीत ठेवाच, तिथे कधी किती वेळ लागेल नेम नाही. बसायला चांगली गादी न्या. दिव्यांगत्वाचं प्रमाण ४० टक्के किंवा जास्त असेल तरच बहुतेक सवलती लागू होतात. आमचं कार्ड निळं आलं, म्हणजे ८० किंवा जास्त. व्हीलचेअरवरून उतरणं-चढणं नीट शिकायचं असेल तर मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री बसलं की सकाळी पोचता.

आणि डिस्चार्जच्या दिवशीच सर्जनना म्हणा, डिस्चार्ज कार्डवर हाडाची पातळी, रज्जूची पातळी आणि ग्रेड, तिन्ही वेगवेगळं लिहा. तेव्हा त्यांना एक मिनिट लागतं. नंतर त्यांची ओपीडी गाठायलाच अर्धा दिवस जातो.