पासंग

आमच्या जुन्या वाण्याच्या तराजूला एका पारड्याखाली चिंचेचा काळपट गोळा चिकटवलेला असे. रिकाम्या तराजूचा काटा मधोमध राहावा म्हणून लावलेला तो पासंग होता, असे वाणी म्हणे. गिऱ्हाइकांचे त्याविषयीचे मत निराळे होते. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी प्रशिक्षण-ग्लायडरांची माहिती वाचताना मला तो गोळा हटकून आठवतो.

१० मे १९४० रोजी जर्मन सैनिक बिनइंजिनाच्या ग्लायडरांतून बेल्जियमच्या एबेन-एमाएल किल्ल्याच्या थेट माथ्यावर उतरले, तेव्हापासून ग्लायडर ही हौशी लोकांची चैन राहिली नाही. अमेरिकेलाही हजारो ग्लायडर-वैमानिक हवे होते, पण त्यांना शिकवायला ग्लायडर पुरेसे नव्हते. एरोंका, टेलरक्राफ्ट आणि पायपर यांच्या कारखान्यांत मात्र पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून केलेली, पासष्ट अश्वशक्तीची दोन आसनी विमाने तयार होत होती. १९४२ मध्ये त्यांच्याच पुढचे इंजिन आणि पंखा काढून टाकण्यात आला.

पण इंजिन काढले की नाक हलके होते आणि शेपूट जड ठरते. इथे पासंग हवा. त्या कॉन्टिनेंटल इंजिनाचे वजन सत्त्याहत्तर किलोच्या आसपास, म्हणजे एका धडधाकट माणसाएवढे. तेव्हा इंजिनाच्या जागी नवे नाक जोडून त्यात तिसरे आसन बसवले. एक शिक्षक आणि दोन विद्यार्थी एकामागे एक बसू लागले. एरोंकाच्या टीजी-५ या ग्लायडरमध्ये तिघांच्याही हाताशी विमान चालवायची दांडी होती. शिसे भरून भागले असते तिथे माणूस बसवण्याची ही काटकसर मला फार आवडते. टेलरक्राफ्टच्या टीजी-६ मध्ये नाक लांबल्यामुळे शेपटाचा उभा पडदा मोठा करावा लागला, चाके जमिनीलगत आणली, आणि उतरण्याचा वेग हाताशी राहावा म्हणून पंखांवर अडसर बसवले.

हवेत तासन्‌तास तरंगणाऱ्या लांब पंखांच्या ग्लायडरांपुढे ही धेडगुजरी यंत्रे अगदी दुबळी होती; ओढून वर नेणाऱ्या विमानाचा दोर सोडला की लवकरच जमीन गाठायची. पण पुढे ज्यावर हात बसवायचा होता, ते तेरा सैनिक वाहणारे वाको सीजी-४ए ग्लायडर तरी कुठे तरंगत होते? त्यामुळे या यंत्रांचा दुबळेपणाच शिकाऊ वैमानिकांच्या पथ्यावर पडला असावा, असे मला वाटते.

५ मार्च १९४४ च्या संध्याकाळी आसामातल्या लालाघाटहून तीच वाको ग्लायडरे, एकेका डाकोटा विमानामागे दोन-दोन बांधून, डोंगर ओलांडून ब्रह्मदेशात निघाली. त्यांत प्रमाणाबाहेर ओझे भरलेले होते. कित्येकांचे दोर वाटेतच तुटले, आणि वैमानिकांना खालच्या अंधारात जागा शोधावी लागली.