मिनीला दाब नको, धार हवी

इकडे इंग्लंडात पेट्रोल भरण्याच्या जागेला कुणी पेट्रोल पंप म्हणत नाही. त्यामुळे ‘पंप बदलला’ असं कानावर आलं की विषय गाडीतल्या पंपाचा असतो, आणि बोलणारा मिनी या छोट्या ब्रिटिश गाडीच्या जुन्या मॉडेलचा मालक असेल तर हातातला चहा निवणार हे नक्की. १९५९ ते २००० एवढा काळ ही गाडी बनत राहिली, ८४८ सीसीचं इंजिन १२७५ सीसीपर्यंत गेलं, आणि त्यातून अजून किती ताकद निघेल हे हौशी लोक अजून शोधतच आहेत. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळकडे पद्मिनी किंवा कार्बोरेटरवाली मारुती ८०० जपणाऱ्यांचं दुखणं यापेक्षा वेगळं नाही. ताकद वाढवायला इंजिनाचा कॅम बदलला, हेडवर काम केलं, मोठा कार्बोरेटर बसवला; सपाटीवर गाडी पळते आणि आंबा घाटात तिसऱ्या गिअरवर ताणली की दम सोडते. मिस्त्री म्हणतो प्रेशर कमी पडतंय. बहुतेक वेळा कमी पडते ती धार, म्हणजे मिनिटाला पोचणारं पेट्रोल.

कार्बोरेटरला दाब जेमतेम लागतो. मिनीच्या एसयू बनावटीच्या कार्बोरेटरला अडीच ते साडेतीन पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब) पुरे. कार्बोरेटरच्या छोट्या कुंडीत, म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये, पेट्रोल भरलं की तरंगणारा फ्लोट वर उचलला जातो आणि सुई पेट्रोल आत येण्याचं छिद्र बंद करते, आणि पेट्रोलचा दाब त्या सुईला मागे ढकलत असतो. चार पीएसआयच्या वर गेलात की बिचारा फ्लोट हरतो आणि चेंबर ओसंडतो. मिनीत कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट इंजिनाच्या एकाच बाजूला, ड्रायव्हरच्या समोरच्या पत्र्यालगत आहेत. ओसंडलेलं पेट्रोल कुठे पडणार ते सांगायला नको. शिवाय दाब दुप्पट केला तरी त्याच छिद्रातून प्रवाह ४० टक्क्यांच्या आसपासच वाढतो, म्हणजे जोखीम पत्करून हाती फारसं लागत नाही. छिद्र मोठं करणं जास्त फायद्याचं, पण २ मिमीचं ३ मिमी केलं तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं आणि सुईवरचा जोरही तितकाच वाढतो. मोठी सीट (सुई जिथे बसते तो छिद्राचा भाग) बसवली तर दाब उलट खाली आणावा लागतो.

काही विकत आणण्याआधी मोजा. टर्बो नसलेल्या इंजिनाला १ एचपीमागे तासाला साधारण अर्धा पौंड पेट्रोल लागतं. ८० एचपीला ४० पौंड, म्हणजे तासाला सुमारे साडेचोवीस लिटर, मिनिटाला ४०० मिलीच्या थोडं वर. कार्बोरेटरपाशी पाइप सोडवून मापाच्या भांड्यात १५ सेकंद पंप चालवा. १०० मिली म्हणजे काठावर, २०० मिली मिळाले तर निर्धास्त. इंजिनावर चालणारा मेकॅनिकल पंप असेल तर कॉइलची वायर काढून स्टार्टर मारावा लागतो, तिथे हा आकडा कमीच येईल. निदान धार अखंड आहे का ते दिसतं. हे काम उघड्यावर, इंजिन थंड असताना आणि हाताशी ड्राय पावडरचं अग्निशामक ठेवूनच करायचं.

मग कार्बोरेटरच्या अलीकडे टी (तीन तोंडांचा जोड) लावून ० ते १५ पीएसआयचा गेज, म्हणजे दाबमापक, बसवा. १०० पीएसआयच्या गेजवर तीन म्हणजे काट्याची थरथर. गेज बॉनेटखालीच ठेवायचा, पेट्रोलची नळी केबिनमध्ये आणायची नाही. चढावर पूर्ण थ्रॉटल देताना काटा हळूहळू तीनवरून एकवर आला तर पुरवठा कमी आहे: फिल्टर, चेपलेला पाइप, टाकीतली जाळी किंवा झाकणाचं बुजलेलं हवेचं भोक. काटा जागचा हलत नाही आणि तरी गाडी मिसिंग मारते, तेव्हा पंपाच्या नादी लागू नका; सुईची सीट नाहीतर जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) लहान आहे.

इलेक्ट्रिक पंप ढकलतो चांगला, ओढतो वाईट. म्हणून तो मागे टाकीजवळ, टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा खाली बसवायचा. बॉनेटखाली बसवला तर लांबवर ओढताना पाइपात दाब उतरतो, गरम पेट्रोलची वाफ होते आणि मे महिन्यात घाटात गाडी ‘एअर घेते’. जाडा फिल्टर पंपाआधी, बारीक पंपानंतर. वायर अडीच चौरस मिमीची, रिले आणि फ्यूजसह, १३.५ व्होल्टला पुरा पडणारा पंप ११.५ व्होल्टला पडेलच असं नाही. अपघातात पंप बंद करणारा इनर्शिया स्विच इकडे जाणकार लावतातच, तिकडेही लावा. जुना मेकॅनिकल पंप काढलात तर ब्लॉकवरचं भोक पट्टी आणि गॅस्केटने बंद करायला विसरू नका. आणि एमपीएफआय (इंजेक्शनवाल्या) गाडीचा पंप स्वस्तात मिळाला म्हणून थेट जोडू नका. तो ३ बारच्या आसपासचा, म्हणजे ४३ पीएसआयच्या घरातला.

दाब खरोखर वाढवावा लागतो तो टर्बोला. मेट्रो टर्बो या दुसऱ्या गाडीचं १२७५ सीसीचं इंजिन मिनीत घालणारे इथे बरेच. त्यात टर्बो कार्बोरेटरमध्ये हवा दाबतो, त्यामुळे फ्लोट चेंबरमध्येही तोच दाब असतो. बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, ७ पीएसआय असेल आणि पेट्रोल साडेतीननेच येत असेल, तर ते आत शिरणार कसं? तिथे पेट्रोल साडेदहाने यायला हवं, १२ बूस्टला साडेपंधराने. त्यासाठी जास्त दाबाचा पंप आणि टाकीकडे परतीचा पाइप असलेला, बूस्टमागे एकास एक दाब वाढवणारा रेग्युलेटर लागतो. त्याची सिग्नलची नळी कार्बोरेटरच्या तोंडावरच्या हवापेटीला जोडायची. मॅनिफोल्डला (कार्बोरेटरच्या पुढे इंजिनाकडे जाणाऱ्या नळीला) जोडली तर आयडलवर, म्हणजे गाडी उभी असून इंजिन चालू असताना, ९-१० पीएसआयचा व्हॅक्यूम त्या रेग्युलेटरला उघडा ओढून धरतो आणि दाब शून्यावर येतो. नळीला क्लिप हवीच. ती बूस्टमध्ये निसटली की मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि पिस्टन वितळायला काही सेकंद पुरतात. आयडलवर रेग्युलेटरचा स्क्रू पूर्ण सैल करूनही दाब सहाच्या खाली येत नसेल, तर रेग्युलेटरला शिव्या देऊ नका, परतीचा पाइप बारीक आहे. मिनीचा मूळ पाव इंची पाइप परतीला पुरत नाही, ८ मिमीचा टाका.

कोकणासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे, पण महागड्या सुपर पेट्रोलमध्ये ५ टक्क्यांपर्यंतच, म्हणून जुन्या गाड्यांचे मालक ते भरतात. तुमच्याकडे २० टक्के. त्यावर तेच जेट सुमारे ८ टक्के लीन चालतात, तेव्हा प्लग पांढरे दिसले तर आधी जेट तपासा. साधी रबरी नळी आतून मऊ होऊन काळे कण सोडते, ते सुईखाली अडकतात आणि ओसंडण्याचा दोष निष्पाप पंपावर येतो. नळीवर एसएई जे३० आर९ छापलेलं असावं. इथेनॉल पाणीही ओढतं. पावसाळाभर ताडपत्रीखाली राहून गणपतीला बाहेर निघणाऱ्या गाडीची टाकी मे अखेर गळ्यापर्यंत भरून ठेवा, फ्लोट चेंबर रिकामा करा, आणि पहिला स्टार्टर मारण्याआधी टाकीच्या तळाचं अर्धा लिटर काचेच्या बाटलीत काढून पाहा. खाली वेगळा थर दिसला तर तेवढंच काढून भागणार नाही, सगळं पेट्रोल बदलायचं.