तुम्ही विचारलंत म्हणून: आम्ही दरवर्षी त्याच वाडीत का जातो

मे संपत आला की हा प्रश्न ठरलेला. शेजारी विचारतात, ऑफिसात विचारतात, मुलीच्या मैत्रिणींच्या आया तर हमखास विचारतात, "परत भंडारदरा? दरवर्षी तेच? कंटाळा नाही येत?" मी म्हणते, काजवे बघायला जातो. ते खोटं नाही, पण पुरतंही नाही. पुरतं सांगायचं तर तंबू उडाला त्या संध्याकाळपासून सांगावं लागतं.

पाच वर्षं झाली. थोरली तेव्हा नऊची, धाकटा साडेपाचचा. सासरे जाऊन आठ महिने झाले होते. त्या आठ महिन्यांत आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दवाखाना सोडून कुठेच गेल्या नव्हत्या. वाढलं की जेवायच्या, विचारलं की तेवढ्यापुरतं बोलायच्या. यांनी नवा तंबू आणला होता. मुलांनी आजीला धरूनच बसायचं ठरवलं, तेव्हा त्या "बरं" म्हणाल्या. ठाण्याहून निघालो, कसारा घाट चढलो, घोटीला महामार्ग सोडला. बारीजवळ कळसूबाईचं टोक ढगात गेलं होतं. १६४६ मीटरांचं ते शिखर मुलांना दाखवायचं होतं, ते काही दिसलं नाही.

मुरशेतच्या पुढे एका वाडीच्या खाली आम्ही मुक्काम केला. उन्हाळा सरताना भंडारदऱ्याचं पाणी खूप खाली गेलेलं असतं. प्रवरेवरचं हे धरण १९२६ साली पुरं झालं. दर उन्हाळ्यात त्याचं पाणी खालच्या शेतांना सुटतं आणि काठाची जमीन उघडी पडते. सपाट, मऊ, ना दगड ना काटा. तंबूला याहून चांगली जागा नाही, असं आम्हाला वाटलं. चूक तिथेच झाली. वाळलेल्या गाळात खुंट्या नुसत्या तळव्याने दाबल्या तरी आत गेल्या, आणि वाऱ्याला अडवायला पाण्यापासून आमच्यापर्यंत एक झुडूपही नव्हतं.

साडेसहाला रतनगडाच्या बाजूने आभाळ काळं होत आलं. आधी वारा पडला, पानही हलेना. मग धुळीचा लोट आला आणि पाठोपाठ टपोरे थेंब. पाच मिनिटांत तंबूच्या एका बाजूच्या खुंट्या उपसल्या गेल्या, फायबरची कांडी कडकन मोडली आणि वरचं कापड पाण्याकडे गेलं ते गेलंच. पिठाचा डबा उलटला, शेगडी चिखलात, अंथरुणं चिंब. सगळे गाडीत शिरलो. यांनी गाडी वर काढायचा प्रयत्न केला, तर मागची चाकं जागच्या जागी फिरून गाळात रुतली. धाकटा रडत होता. आई त्याला पदराखाली घेऊन बसल्या होत्या, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. कशाला आणलं यांना, एवढंच डोक्यात होतं.

वरच्या अंगाने बॅटरीचा उजेड हलत खाली आला. डोक्यावरून खताच्या गोणीची खोळ घेतलेले एक गृहस्थ. कोण, कुठले, काही विचारलं नाही. काचेवर टकटक करून म्हणाले, "पोरं काकडली असतील. चला घरला. गाडी राहू द्या, सकाळी बैलं लावू." धाकट्याला त्यांनी कडेवर घेतलं, खोळ त्याच्यावर ओढली आणि आईंना म्हणाले, "आजी, माझ्या खांद्याला धरा."

त्यांना आम्ही आता मामा म्हणतो आणि त्यांच्या घरच्यांना मामी. महादेव कोळी समाजाचं घर, कुडाच्या भिंती, वर कौलं, दाराशी पावसाळ्यासाठी रचून ठेवलेला सरपणाचा ढीग. मामींनी आधी मुलांना कोरडं केलं, आपल्या नातवाचे कपडे घातले, मग चुलीपुढे बसून नागलीच्या भाकरी थापायला घेतल्या. त्यांचे हात अजून डोळ्यांपुढे आहेत. परातीत न थापता त्या दोन तळव्यांतच भाकरी फिरवत वाढवायच्या, कडेला चीर गेली की ओल्या बोटाने मिटवायच्या. तांबूस काळ्या भाकरी, खुरासणीची चटणी, वर गरम पिठलं. घरी नाचणीला नाक मुरडणारी थोरली अडीच भाकरी जेवली.

वीज वाऱ्याबरोबरच गेली होती. नऊच्या सुमारास पाऊस थांबला आणि मामा म्हणाले, "आता या बाहेर."

काजव्यांच्या दिवसांत शनिवारी या रस्त्यावर मुंबई, नाशिक, पुण्याच्या गाड्यांची रांग असते. त्या रात्री वादळाने रस्ता रिकामा केला होता. गाडीचे दिवे नाहीत, गावात बल्ब नाही, आभाळात चांदणं नाही. घरामागे सादड्याचं मोठं झाड होतं. आधी दोन-चार ठिपके दिसले. डोळे अंधाराला सरावले तसं सगळं झाड, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, हिरवट पिवळ्या उजेडाने भरलं. एका अंगाने लहर उठायची, शेंड्यापर्यंत जायची, विझायची, की क्षणभर मिट्ट काळोख आणि पुन्हा लहर. अंधाराला घाबरणारा आमचा धाकटा मामांचा हात सोडून दोन पावलं पुढे गेला. त्याच्या बाहीवर एक काजवा येऊन बसला. त्याने श्वास रोखला आणि मोजत राहिला, एक, दोन, तीन.

हा उजेड थंड असतो, हे थोरलीला मी तेव्हाच सांगितलं. काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य हवेतल्या प्राणवायूशी मिळतं, त्यातून जवळजवळ नुसता प्रकाश निघतो, उष्णता नावालाच. आणि तो असतो जोडीदाराला दिलेला इशारा. या इशाऱ्यावर आपण मोबाईलची बॅटरी मारली की तो पोचतच नाही. माद्या बऱ्याचदा खाली गवतात, झुडपांत बसलेल्या असतात. फोटोसाठी झाडाखाली घुसणारे पाय त्यांच्यावरच पडतात. म्हणून जे माझ्याकडे 'कुठे जाऊ' म्हणून विचारायला येतात, त्यांना मी हात जोडून सांगते: शनिवार-रविवार टाळा, दिवे बंद ठेवा, वाटेवर उभं राहून बघा. वर्षभर अळीच्या रूपात मातीत काढलेल्या जिवाला उडायला मिळतात ते थोडेच दिवस.

पण मी दरवर्षी जाते ती त्याच्या पुढच्या पहाटेसाठी.

घरघर ऐकून जाग आली. वीज नाही म्हणजे गिरणी बंद आणि रात्री आम्ही पाच माणसांनी पीठ संपवलेलं. मामींनी कोपऱ्यातलं जातं ओढून घेतलं होतं. समोर आई बसल्या होत्या. पदर खोचलेला, एक पाय लांब, खुंटा दोघींच्या हातात, आणि दुसऱ्या हाताने आई मूठ-मूठ नागली तोंडाशी सोडत होत्या. लहानपणी त्या आपल्या आजीबरोबर दळायच्या, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं, यांनासुद्धा. मध्येच त्यांनी हात थांबवला, पीठ चिमटीत घेऊन चोळलं आणि म्हणाल्या, "भरड पडतंय हो. जात्याला टाकी लावायला हवी." म्हणजे झिजून गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीने पुन्हा खाचा पाडायला हव्यात.

आठ महिन्यांत आईंनी न विचारता काढलेलं ते पहिलं वाक्य. हे दाराच्या चौकटीला धरून उभे होते. ते मागे वळले आणि सरळ अंगणात निघून गेले. मामी म्हणाल्या, "टाकीवाला येतोच कुठं आता." त्यावर आई हसल्या आणि पुन्हा खुंटा धरला. मग ओवी सुरू झाली. आधी मामींची, मग चाल धरून आईंची. थोरली माझ्या कुशीत येऊन ऐकत बसली.

सकाळी बैलांनी गाडी ओढून काढली. पैसे पुढे केले तर मामा रागावले. तेव्हापासून आम्ही दर जूनला, मधल्या वारी जातो. तंबू नवा घेतला, तो मामांच्या अंगणात लागतो. त्यात मुलं झोपतात, आई घरात. दिवाळीनंतर तिकडून काळभाताची पिशवी येते, आणि मामांचा नातू शाळेच्या सुट्टीत आठवडाभर आमच्याकडे राहून जातो.

गेल्या मंगळवारी मामींचा फोन आला होता. मी कसे आहात म्हणेपर्यंत त्या म्हणाल्या, "आईला दे गं फोन. राजूरच्या बाजारात टाकीवाला गावला. जातं टाकवून घेतलंय म्हणावं."