एकाच रसायनाचे दोन आकडे

आजचा अख्खा दिवस ऑनलाइन मीटिंगमध्ये गेला. विषय: लघवीतलं बिस्फेनॉल ए, म्हणजे प्लॅस्टिक बनवताना वापरलं जाणारं एक रसायन. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "अगं, एवढं शिकून हेच का?" हो आई, हेच!

युरोपात मे २०२२ मध्ये 'पार्क' ही भागीदारी सुरू झाली. सात वर्षं, सुमारे ४० कोटी युरो, दोनशेच्या आसपास संस्था आणि सूत्रं फ्रान्सच्या 'आन्सेस' या सरकारी आरोग्यसुरक्षा संस्थेकडे. रसायनांची जोखीम ठरवणाऱ्या सरकारी यंत्रणा आणि विद्यापीठं एकत्र, असं ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात अर्धा दिवस नमुना कुठल्या बाटलीत ठेवायचा यावर वाद. तो व्हायलाच हवा म्हणा. बाटलीतूनच बिस्फेनॉल झिरपलं, तर मोजलेला आकडा माणसाचा की प्लॅस्टिकचा?

आधीच्या युरोपीय प्रकल्पात ११ देशांतल्या ९२ टक्के प्रौढांच्या लघवीत बिस्फेनॉल ए सापडलं होतं. एप्रिल २०२३ मध्ये 'एफ्सा' या युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने रोजची सुरक्षित मर्यादा थेट २० हजार पटींनी खाली आणली: शरीराच्या दर किलो वजनामागे ०.२ नॅनोग्रॅम (ग्रॅमचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोग्रॅम). जर्मनीच्या 'बीएफआर' या जोखीम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेला ते पटलं नाही. त्यांनी २०० नॅनोग्रॅम सांगितलं, म्हणजे हजारपट सैल! दोन्हीकडे जाणकारच. मला विचाराल तर असे मतभेद उघडपणे छापले जातात, हीच मोठी गोष्ट आहे. २०२४ च्या अखेरीस युरोपीय संघाने अन्नाच्या डब्या-बाटल्यांत बिस्फेनॉल ए वापरायला बंदी घातलीच.

आमचं बाटलीवर एकमत झालंय. झाकणाचं पुढच्या मीटिंगला बघू.