वाढावा फळ्यांवर असतो

आमच्या सहकारी अन्नभांडाराची खजिनदारकी माझ्याकडे आली, तेव्हा पहिल्याच वार्षिक सर्वसाधारण सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी उभे राहून विचारले, "ताळेबंदात वाढावा दिसतो आहे, मग तो आम्हाला वाटत का नाही?" वाढावा म्हणजे वर्षाच्या उत्पन्नातून खर्च वजा जाता हिशेबात उरलेली रक्कम. त्यातला काही भाग राखून ठेवायला सांगणारे उपविधींतले राखीव निधीचे कलम मी वाचून दाखवले. ते खाली बसले, पण त्यांचे समाधान झालेले नाही हे मला समोरून दिसत होते, आणि ते बरेच दिवस मनाला लागून राहिले.

पुढच्या वर्षी साठ्याच्या मोजदादीला मी त्यांनाच बोलावले. दुकान बंद झाल्यावर आम्ही दोघादोघांच्या जोड्या केल्या. एकाने मोजायचे, दुसऱ्याने लिहायचे, आणि पुस्तकात किती साठा दाखवला आहे हे मोजणाऱ्याला आधी सांगायचे नाही, कारण एकदा आकडा कानावर पडला की हात नकळत त्याच आकड्याशी येऊन थांबतात. त्यांच्या वाट्याला मागची खोली आली. उघडी पोती एकेक करून त्यांनी काट्यावर चढवली, रिकाम्या पोत्याचे वजन वजा केले, आणि अगदी वरच्या फळीवर पुढच्या रांगेआड राहून गेलेले, मुदत संपलेले डबे खाली काढून वेगळे ठेवले. मग प्रत्येक वस्तूची खरेदीची किंमत आणि विक्रीतून हाती येऊ शकणारी किंमत यांतली जी कमी, ती धरून आम्ही बेरीज केली. बेरीज वर्षभराच्या वाढाव्यापेक्षा मोठी निघाली. कागदाकडे बराच वेळ पाहून ते म्हणाले, "म्हणजे आपला वाढावा या फळ्यांवरच बसला आहे!"

राखीव निधीच्या कलमाने जे झाले नव्हते, ते त्या एका संध्याकाळी झाले. वाढावा म्हणजे गल्ल्यातली रोकड नव्हे. त्यातला बराचसा भाग पुढच्या खेपेच्या मालात गुंतलेला असतो, आणि तो वाटायचा म्हटले तर पुरवठादारांची देणी थकवावी लागतात, हे त्या वर्षीच्या सभेत त्यांनीच इतरांना समजावून सांगितले.

एक सभासद, एक मत हे सहकाराचे तत्त्व आपण अभिमानाने सांगतो. पण ज्याला ताळेबंद वाचता येत नाही त्याचे मत बहुतेक वेळा शेवटी बोलणाऱ्याच्या मागे जाते, असा माझा अनुभव आहे. इंग्लंडमधील रॉचडेल येथे १८४४ साली २८ जणांनी मिळून दुकान काढले, तेव्हा दर तिमाहीला सभा घेऊन सभासदांपुढे हिशेब मांडण्याचा नियम त्यांनी केला होता. खरेदीच्या प्रमाणात परतावा देण्याची त्यांची पद्धत सर्वांना ठाऊक असते. मात्र पुढे वाढाव्यातला अडीच टक्के भाग ते सभासदांच्या शिक्षणासाठी काढून ठेवू लागले, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. मला ती अधिक मोलाची वाटते.

त्यांचा आणखी एक नियम रोखीच्या विक्रीचा होता. त्याच गावात १८३३ साली निघालेले आधीचे सहकारी दुकान उधारीपायी दोन वर्षांत बंद पडले होते. आमच्याकडेही उधारी माणुसकीच्या पोटी सुरू झाली आणि मग वाढत गेली. अडचणीतल्या सभासदाला नाही म्हणणे कोणालाच जमत नव्हते, आणि समितीतल्या काहींचीच नावे त्या वहीत असल्यामुळे विषय बैठकीत येतच नव्हता. अखेर नावे न घेता केवळ थकबाकीची एकूण रक्कम दर बैठकीत वाचून इतिवृत्तात नोंदवायची, असा ठराव मी मांडला. तो जेमतेम मंजूर झाला. रक्कम दरमहा सर्वांसमोर येऊ लागली, तशी वसुली सुरू झाली, आणि खऱ्या गरजूंसाठी मर्यादा ठरवून वेगळा निधी ठेवता आला.

दैनंदिन खरेदी व्यवस्थापकांवर सोपवावी आणि समितीने त्यात हात घालू नये, एवढे पथ्य आम्ही पाळतो.

आता दर महिन्याला दाराशी एक कागद लागतो. त्यावर हातातली रोकड, पुरवठादारांचे देणे, साठा आणि मोजदादीत निघालेली तूट असे चारच आकडे असतात. या महिन्यात तूट मागच्यापेक्षा जास्त आली. कागद लागला त्याच दिवशी दोन सभासदांनी गल्ल्यावर येऊन मोजदादीची वही मागितली आणि तिथेच बाकावर बसून ती पान पान पाहिली. तूट कुठल्या फळीवरची आहे, हे त्यांनी मला दुपारपर्यंत दाखवून दिले.